नसीमाआपा खोली घेते

एसी बंद झाला की आधी एक दीर्घ उसासा येतो, मग झडपेत अडकलेल्या हवेची क्षीण फडफड, आणि मग या आखाती देशात सहसा कुणाच्या वाट्याला न येणारी गोष्ट, शांतता. नसीमाआपा म्हटलं की चेहऱ्याआधी मला तो उसासा ऐकू येतो. आमच्या छोट्याशा रेडिओ कार्यक्रमाची ती शोधवार्ताहर, आणि मी तिने आणलेले आवाज कापून जोडणारी. ज्या घरात शिरे तिथे तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, “एसी बंद कर गो.” बाहेर जुलैचं पांढरं, आंधळं ऊन आणि आत घामाने निथळणारी माणसं, पण का कोण जाणे, त्या उकाड्यात ती खरं बोलू लागत. ऑफिसात आम्ही तिला ‘घामाची बाई’ म्हणायचो. तिला ते ठाऊक होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

रत्नागिरीकडच्या खाडीकाठची ही बाई. दम्याने लहानपणापासूनच छातीत ठाण मांडलेलं, त्यामुळे तिच्या श्वासाला एक बारीक शीळ होती. मजुरांच्या खोल्यांतलं पाणी, गावाकडून देणग्या मागायला येणाऱ्या पुढाऱ्यांची गोड भाषणं, भेसळीची औषधं, सगळ्यांच्या मागे ती शीळ फिरत असे. समोरचा खोटं बोलू लागला की ती प्रश्न विचारत नसे, नुसती मान कलती करून ऐकत राही. मला तर तिच्यासमोर ‘जेवले’ असं खोटं सांगायचीही भीती वाटे.

बोलणं संपलं की ती ‘खोली घ्यायची’. हा तिचाच शब्द. तळहात वर करून, डोळे मिटून ती खोलीची शांतता रेकॉर्ड करी. वाक्यं कापली की मधल्या फटींत त्याच खोलीची शांतता भरावी लागते, नाहीतर जोड उघडा पडतो. इतर वार्ताहर यंत्र ठेवून बाहेर जातात. ही आतच बसे आणि शेवटी हलकेच “खलास” म्हणे. तिथे मी कापत असे.

गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या अल कुसैस भागातल्या एका इमारतीखाली साळुंक्या मरून पडू लागल्या. त्यांना दाणे घालणारे आणि त्यांच्या घाणीला वैतागलेले, असे दोन तट तिथे आधीपासूनच होते; आता ते एकमेकांवर विषप्रयोगाचे आरोप करू लागले. आपा तिथे तान्ह्या लेकीसह राहणाऱ्या प्रीतीकडे गेली. प्रीतीच्या आणि शेजारच्या घराचे एसीचे पाइप भिंतीतल्या एकाच पोकळीतून जात, आणि त्या पोकळीत साळुंकीने घरटं केलं होतं. त्या दिवशी आपाने आणलेल्या शांततेत पिल्लांचाच नुसता कालवा होता. मी कुरकुरले, “ही काय खोली म्हणायची?”

“पिल्लं पण खोलीच गो,” ती हसली.

दोन दिवसांनी ती पुन्हा तिथे गेली. पुढचं सगळं मला ठाऊक आहे, कारण ते रेकॉर्डिंगमध्ये आहे. एसीचा उसासा येतो. मग काहीच येत नाही. ते काहीच-नसणं इतकं दाट आहे की पहिल्यांदा ऐकताना मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं होतं.

“पिल्लं खंय गेली?”

“उडाली असतील आपा. मला लक्ष द्यायला टाइम कुठे? ईराला सकाळपासून उलट्या होतायत. डॉक्टर बोलले, स्टमक इन्फेक्शन.”

“डोळे न उघडलेली पिल्लं उडत नाहीत. शेजारी कोण आहे?”

“कोणी नाही. व्हेकेशनला गेले काल. जाताना पेस्ट कंट्रोल केलं, सगळीकडे टेप मारून फ्लॅट पॅक केलाय.”

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आपाचा आवाज, मी कधीच न ऐकलेला. “लेकीला उचल. चप्पल राहू दे. खाली जा, वॉचमनला पोलिसांना फोन करायला सांग आणि थेट हॉस्पिटल गाठ. यल्ला, चल लवकर!”

“आणि तुम्ही?”

“मी खोली घेते नि आलेच.”

मला तिचा आजही संताप येतो. परवाची खोली पिल्लांसकट आणि आजची पिल्लांवाचून, दोन्ही शेजारी ठेवल्या की भिंतीतलं विष कुणाला नाकारता येणार नाही, हे तिला कळत होतं. आपली छाती कशी आहे, हेही तिला कळत होतं.

स्वस्तात ढेकूण मारून देणारा कुणी बिनपरवाना माणूस त्या इमारतीत घरोघरी फिरत होता. साळुंक्या मारणारा त्याच्या गोळ्यांचा विषारी वायू पोकळीतून आधी घरट्यात आणि मग पाळण्यापर्यंत पोचला होता. आम्ही कार्यक्रमात दोन्ही खोल्या एकामागून एक ऐकवल्या. इमारत रिकामी करून तपासली गेली. ईरा वाचली, आता ती धावते, आणि प्रीती मला तिच्या किंचाळण्याचे व्हॉइस मेसेज पाठवते. दुपारी लेक झोपली की प्रीती थोडा वेळ एसी बंद करते, नुसता तिचा श्वास ऐकायला.

आपाने मात्र इस्पितळात नेल्यावरही डोळे उघडले नाहीत.

तिची शेवटची खोली माझ्याकडे आहे. सुरुवातीला ती बारीक शीळ स्पष्ट येते, मग विरळ होते, मग आहे की नाही असं वाटू लागतं. पुष्कळ वेळाने लिफ्ट उघडते, वॉचमनच्या चपला धावत येतात आणि तो ओरडतो. त्याआधी नेमक्या कुठे तिचा श्वास संपला आणि नुसती खोली उरली, ते मी अजून शोधते आहे. काळ माणसाला असा सांधा न दिसू देता घेऊन जातो. मला तो सापडत नाही, आणि तिने “खलास” म्हटलेलं नाही, म्हणून मी अजून कुठेच कापलेलं नाही.