पाच ते सात, गाड्या बंद

गल्लीच्या तोंडाशी टेलरमावशींचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक कापायचं टेबल आणि पडद्यामागे माप घ्यायला हातभर जागा. पण आजूबाजूच्या पोरांचे शाळेचे गणवेश बावीस वर्षं तिथेच शिवले जात होते. शाळा सुरू होण्याआधीचा महिना आला की मावशींना मान वर करायला फुरसत नसे.

अशाच एका दुपारी वरच्या मजल्यावरची नऊ वर्षांची पोरगी माप द्यायला आली. तोंडाला कुलूप नाही म्हणून सगळे तिला बडबडी म्हणायचे. त्या दिवशी मात्र ती गप्प होती. मावशींनी कमरेला टेप लावली आणि पोरीने पोट आत ओढून गाल फुगवले.

"अगं, श्वास सोड. चक्कर येऊन पडशील."

"आधी माप लिही," बडबडी दातांतून बोलली. "आई म्हणाली, यंदा गेल्या वर्षीचंच माप आलं पाहिजे."

मावशींनी हसण्यावारी नेलं, चार बोटं जास्त धरून आकडा लिहिला आणि सवयीने गोळ्यांची बरणी पुढे केली. माप देताना पोरं चुळबुळ करू नयेत म्हणून ती बरणी ठेवलेली. बडबडीने बरणीकडे पाहिलं, मग दाराबाहेर आई आहे का ते पाहिलं, आणि गोळी न घेताच निघून गेली. मावशींना ते फार लागलं.

संध्याकाळी त्यांनी मापांच्या जुन्या वह्या काढल्या. दहा वर्षांपूर्वी या वयाच्या पोरांचे कपडे ज्या लहान पुठ्ठ्याच्या साच्यावर बेतत, तो आता कुणालाच पुरत नव्हता, खिळ्याला नुसता लटकत होता. एखाद्या पोराची अंगकाठीच तशी असते, पण अख्ख्या गल्लीची एकदम कशी बदलेल? मावशींनी बरणी रिकामी केली आणि त्यात बटणं भरली. पण तेवढ्याने काय होणार, म्हणून त्या समोरच्या नर्सबाईंकडे गेल्या.

"पोरांना टोमणे मारून कुणाची तब्येत सुधारलीय का?" नर्सबाई म्हणाल्या. "त्यांना पळायला जागा नाही. शाळेतून आली की घरात कोंडलेली. हातात मोबाईल आणि मांडीवर खाऊचं पाकीट. आयांना तरी काय म्हणणार? आपल्या गल्लीत गाड्या अशा सुटतात की मांजरसुद्धा दोनदा बघून रस्ता ओलांडतं."

त्यातूनच ठरलं. आठवड्यातून तीन दिवस, पाच ते सात, गल्लीत गाड्या बंद. वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनी ऐकून घेतलं, पण सगळ्या घरांच्या सह्या मागितल्या. मावशी कागद घेऊन जिने चढल्या-उतरल्या. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या आणि घोडं अडलं ते टॅक्सीवाल्या दादापाशी.

"सहाला मी टॅक्सी काढतो," दादा म्हणाला. "पोरं घरात खेळतील की. आमच्या पोटावर का पाय?"

मावशींनी कागदाची घडी घातली आणि जिना उतरल्या. पण दोन दिवसांनी दादा स्वतःच दुकानात आला. हातात पँट, चेहरा पडलेला.

"जरा कंबर सोडायची होती."

मावशींनी पँट उलटी केली आणि शिवण पाहिली. "दोनदा सोडलीय मी ही. आता आत कापडच उरलं नाही."

"तासन्तास गाडीत बसून असतो हो," दादा हळूच म्हणाला. "लहानपणी मी या गल्लीत सगळ्यांच्या पुढे पळायचो. खोटं वाटेल तुम्हाला."

"खोटं कशाला वाटेल? तेव्हा गल्ली रिकामी होती." मग मावशींनी त्याला बडबडीची गोष्ट सांगितली, ती कशी श्वास रोखून उभी राहिली ती. नाव मात्र सांगितलं नाही.

दादाने पँटची घडी घातली. "त्या तीन दिवशी गाडी पलीकडच्या रस्त्यावर लावली तर चालेल मला," तो म्हणाला. "कुठाय तो कागद?"

पहिल्या दिवशी पाच वाजता गल्लीच्या दोन्ही तोंडांना बाकं आडवी टाकली. पोरं खाली आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. एवढ्या मोकळ्या जागेचं काय करतात, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. दोघांनी तर मोबाईलच काढले. मावशींनी कापडाच्या पट्ट्यांची वेणी घालून लांब दोरी केली होती. तिचं एक टोक त्यांनी नर्सबाईंच्या हातात दिलं, दुसरं बडबडीच्या.

"मी उडी नाही मारणार," बडबडीने आधीच जाहीर केलं.

"तुला कोण सांगतंय? तू फिरव. उडी मी मारते."

मावशी साडी खोचून दोरीत शिरल्या. पहिली उडी जमली, दुसरीला दोरी पायात अडकली आणि त्या दादाच्या अंगावर कोलमडल्या. गल्ली खदखदून हसली. पाठोपाठ दादा दोरीत शिरला, त्याच्यामागे पोरं. बडबडी दोरी फिरवता फिरवता आकडे मोजू लागली, मग ओरडून पंचगिरी करू लागली, आणि सव्वासहाला टोक दुसऱ्याच्या हातात कोंबून स्वतःच रांगेत घुसली. सात वाजता तिला वर न्यायला आईला तीन हाका माराव्या लागल्या.

पुढे त्यात भर पडत गेली. दर खेपेला एका घरातून चिरलेली फळं आणि पाण्याची कळशी खाली येऊ लागली. एकदा कुणीतरी खारे वेफर्स आणले, तर नर्सबाई नुसत्या बघत राहिल्या. पाकीट आपोआप परत गेलं.

चार महिन्यांनी बडबडीची आई दुकानात आली आणि तिने मुलीची शाळेची पँट टेबलावर टाकली.

"बघा हे. दोन्ही गुडघे फाटले. नव्याकोऱ्या पँटची वाट लावली कार्टीने."

"ठिगळ लावून देते."

"तिची कंबर पण मापून बघाल का जरा? कमी झालीय की..."

"ते नाही बघायचं," मावशी म्हणाल्या. "नर्सबाई म्हणतात, वाढत्या वयाची पोर आहे, वर्ष-दोन वर्षं जाऊ द्या. झोपते कशी ते सांगा."

आईने पँट मावशींकडे सरकवली. "उशीला डोकं टेकताच झोपते. आणि हल्ली जेवताना भाजी मागून घेते, भूकच तेवढी लागते म्हणते." तिने बाहेर पाहिलं. पाचला पाच मिनिटं कमी होती आणि दादा बाक ओढत होता. "सकाळपासून ऑफिसात खुर्चीला खिळले होते मी. दोरीत मोठ्यांनाही घेतात ना?"

"घेतात. पण पंच बडबडी आहे," मावशी म्हणाल्या. "आई म्हणून सूट नाही मिळायची."

आईने पर्स टेबलाखाली सरकवली, ओढणी कमरेला बांधली आणि बाहेर पडली.