गळ्याएवढी माती

झरीच्या ओढ्याकाठी तानुबाईनं गुडघाभर खड्डा खणला होता. बाळंतपणं करणारी, पोरांची अंगं चोळणारी ही म्हातारी. रोज सकाळी ती पाच वर्षांच्या गोदीचे पाय करडईच्या तेलानं चोळी, तिला खड्ड्यात उभी करी आणि भोवती उन्हानं तापलेली माती लोटी. गोदीचे पाय जन्मापासून लुळे. निजामसरकारनं परभणीला नेमलेले हकीमसाहेबही म्हणाले होते, "जल्दी नको. रोज थोडं थोडं."

माती लोटता लोटता तानुबाई गाई:

भुई तुजी गं मावशी, तिचा पदर तू धर
उभी ऱ्हाय माजे बाई, जशी जवारी कंबरभर

आठ महिन्यांनी गोदी कुणी न धरता दहा श्वास उभी राहिली. मोजणारी तिची आई, मनकर्णा, अकरावा श्वास घ्यायलाच विसरली.

मग सूर्यग्रहण आलं. ग्रहणात लुळी पोरं गळ्याएवढी पुरायची गावोगावची रीत. ग्रहण सुटलं की पाय सुटतात म्हणत.

"गुडघाभर मातीनं एवढं झालं मावशी, मग गळ्याएवढीनं किती होईल!"

"मनकर्णे, चिमूटभर मिठानं वरणाला चव येती म्हणून पसाभर घालतंय का कुणी?"

"तुमी म्हाताऱ्या झालाव. तुमाला भ्या वाटायलंय."

"व्हय. लय वाटायलंय."

ग्रहणाच्या दिवशी तानुबाई ओढ्याकडं फिरकली नाही.

उजेड राखेसारखा झाला. मनकर्णानं गळ्याएवढी पुरलेली गोदी आधी हसली, मग हाका मारू लागली, मग तिनं हाका मारणंही सोडलं. मनकर्णा तिच्या कपाळावरच्या मुंग्या झाडत बसली, पण ग्रहण सुटेपर्यंत तिनं माती उपसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून खड्डा दिसला की गोदीचे पाय पोटाशी जात. तेलाचा हात लागला तरी त्यांचं लाकूड होई. पंधरा दिवस असेच गेले. तानुबाई येई, चोळी, निघून जाई. तिनं एक शिवी दिली नाही, हेच मनकर्णाला सोसेना.

"मावशी, काही तरी बोला की!"

"बोलून काय करू? उतर खड्ड्यात."

"मी?"

"तूच. बस खाली."

मनकर्णा मांडी घालून बसली. तानुबाईनं गोदीला काठावर ठेवलं. पोरीनं एक मूठ माती आईच्या मांडीवर टाकली. मग दुसरी.

"रडायचं न्हाई," ती म्हणाली. "तुजं भलंच व्हायलंय."

मनकर्णानं विचारलं, "गोदे, बाहेर येऊ का गं?"

"न्हाई. अंधार सरू दे."

वर लख्ख ऊन होतं.

माती कमरेवर आली. खांद्यापर्यंत हात पोचेना, तसं गोदीनं आईचे केस मुठीत धरले, ओढ दिली आणि ती गुडघ्यांवर आली. एक पाऊल मातीत टेकलं, थरथरलं. तानुबाईचे हात पुढं झाले आणि तिथंच थांबले. केस तुटत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मनकर्णानं मान हलवली नाही. हलली असती तर पोर पडली असती.

गोदी धपकन खाली बसली.

"हात दुकले," ती म्हणाली. "ऱ्हायलेली उद्या घालीन."

"घाल बाई," मनकर्णा म्हणाली.