दगडांखालची पोती

मित्रांनो, आयर्लंडमधल्या कॉरिब सरोवराच्या काठावर उलटी पडलेली ती म्हातारी लाकडी होडी म्हणजे मीच. फेस्टसच्या वडिलांनी मला घडवलं आणि फेस्टसने मला उभं आयुष्य वल्हवलं. मे महिन्यात पाण्यावर माश्या उडू लागल्या की तो मला वाऱ्याला आडवी सोडून द्यायचा आणि गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टाकायचा. पाण्याखाली एक खडकाळ उंचवटा होता. मोठे ट्राउट मासे तिथेच येत. दुसरी होडी दिसली की फेस्टस गळ आवरून आकाशाकडे बघत बसे. संशय घ्यायला मी त्याच्याकडूनच शिकले.

त्याच्या हातातला मोठा मासा बघून शेजारचा कोलमन त्याला हटकायचा, "काय रे, कुठून आणलास हा राक्षस?"

"पाण्यातून," फेस्टस म्हणायचा.

पुढे फेस्टस अंथरुणाला खिळला. मी छपराखाली पडून सुकले, माझे सांधे उघडले, कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. हिवाळ्यात तो गेला. उंचवट्याची ती जागा लेकीला, नूलाला, दाखवायची राहूनच गेली.

वसंतात नूला डब्लिनहून आली. बाबांच्या जागी एकदा तरी गळ टाकायचा, एवढंच तिच्या मनात होतं. जागा मात्र तिला ठाऊक नव्हती. तेवढ्यात कोलमन दारात हजर.

"होडी चार दिवस मला दे, पोरी."

"कशाला?"

"दे तर आधी."

त्याने मला आपल्या काठाच्या लव्हाळ्यांआड नेलं, माझ्यात दगड भरले आणि मला बुडवलं. फेस्टसही दर वसंतात बुडवायचा, पण घरासमोर, सगळ्यांच्या देखत. हा मला गडप करणार, असंच मला वाटलं. माझ्या फळ्या खरचटू नयेत म्हणून दगडांखाली त्याने पोती अंथरली होती, तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नूला धावत आली. "बुडवलीत तिला? बाबांची होडी!"

"भिजत घातलीय. फळ्या फुगून सांधे मिटू देत. तशीच नेली असतीस तर तळाला गेली असतीस."

"मग इथे लपवून का?"

"तुमच्या काठाला लाटा फार. आणि तिथे बुडवली असती तर तू कालच ओरडली असतीस!"

नूला हसली नाही. माझाही विश्वास बसला नाही. बापाने लेकीला जागा सांगितली असणार, असं याला वाटत असेल; ती हुडकायला याला आम्ही दोघी हव्या होतो, दुसरं काय?

मे उजाडला. दगड काढून मला वर घेतलं होतं; नूला माझ्यात बसली होती आणि कोलमन वल्ही मारत होता. आता विचारील, मग विचारील, म्हणून मी कान देऊन होते. त्याने काहीच विचारलं नाही. चर्चचा मनोरा बेटावरच्या एकट्या झाडामागे दडला, फेस्टसची खूण तीच, तशी त्याने वल्ही आत घेतली आणि मला वाऱ्याला आडवी सोडली. माझ्याखाली तोच उंचवटा होता.

नूला वळली. "काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बाबांना का विचारायचात?"

"सांगतो का ते बघायला." तो पाण्याकडे बघत राहिला. "इथे मी कधी गळ टाकला नाही. जागा त्याची होती."

"आणि आज?"

"आजही नाही. तू टाक."

तिने टाकला. माझ्या सांध्यांतून एक थेंबही आत येत नव्हता.

मित्रांनो, होडीला कोरडी पडू देऊ नका. आणि परके हात तिला बुडवताना दिसले, तर ओरडण्याआधी दगडांखाली पोती आहेत का, तेवढं बघा.