प्रार्थनेच्या पेटीचा राग

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो, आणि माझे डोके फिरले आहे. पेटीला कसला राग, असे म्हणून हसू नका. आधी ऐका.

कल्याणला दौलत नावाचे रेल्वेतले फिटर राहत. त्यांच्या घरी दर शुक्रवारी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थनासभा भरे. त्यांनी खोक्याच्या फळ्यांना रंधा मारून मला बनवले. वर चिठ्ठी जाईल एवढी फट ठेवली आणि तळ चार स्क्रूंनी बसवला. ज्याला देवाकडे जे मागायचे ते लिहून लोक माझ्यात टाकत आणि माझ्यावर हात ठेवून प्रार्थना करत. वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी, चिठ्ठ्या न वाचताच जाळत. "ज्यानं वाचायच्या त्यानं वाचल्या," असे दौलत म्हणत. कोणाची दारू, कोणाचा मोडलेला संसार, सगळे माझ्या पोटात राहिले. त्याचा मला फार अभिमान होता.

दौलत गेल्यावर त्यांच्या पत्नी हौसाबाईंनी सभा चालू ठेवली. मग शीळफाट्याकडून सुदेश नावाचा उपदेशक येऊ लागला. सगळे त्याला ब्रदर म्हणत. पांढरा शुभ्र सदरा, आवाज मधासारखा. सभेआधी तो मला घेऊन आतल्या खोलीत एकटा प्रार्थनेला बसे. लोकांना केवढे कौतुक! दार लागले की हा लबाड खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढी, माझा तळ उघडी आणि चिठ्ठ्या वाचून पुन्हा भरी. नंतर सभेत डोळे मिटून म्हणे, "प्रभू मला दाखवतोय, इथल्या एका बहिणीचा नवरा घर सोडून गेलाय." लोक रडत. मी दात-ओठ खात बसे.

हळूहळू लोकांनी घरी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणे सोडले. ब्रदरला सगळे दिसते, मग आपण कशाला वाचायचे? चर्चच्या पाळकसाहेबांनी समजावले, तर लोक त्यांनाच हसले. हौसाबाईंना साखरेचा आजार होता. "इन्सुलिनची सुई घेणं म्हणजे विश्वास कमी," सुदेश म्हणाला, आणि त्यांनी सुई बंद केली. महिन्याभरात पायाचे बोट काळे पडले. ते त्यांनी मोज्यात लपवले. फक्त नात दिपिकाला ते ठाऊक होते.

"आजी, सुई घे ना गं."

"ब्रदरला देव दाखवतो. तुला कोण दाखवतं?"

हौसाबाईंना कमी दिसे, म्हणून त्यांची चिठ्ठी दिपिका लिही. त्या शुक्रवारी रडत रडत तिने डाव्याऐवजी उजव्या पायाचे बोट लिहिले.

सभेत सुदेशने डोळे मिटले. "एक बहीण दिसतेय. उजव्या पायाचं बोट काळं पडलंय."

"उजवा नाही, ब्रदर. डावा," हौसाबाई म्हणाल्या.

"दर्शनात आरशासारखं उलट दिसतं, बहिणी."

"उजवा मी लिहिलेला," दिपिका म्हणाली. "चुकून. चिठ्ठीत."

हौसाबाईंनी मला उलटे करायला लावले. माझे चारही स्क्रू ताजे खरवडलेले होते.

"माझा प्रभू डावं-उजवं चुकत नाही," त्या म्हणाल्या. "चपला घाला आणि निघा."

बोट कापावे लागले. सुदेशवर मला राग आहेच, पण जास्त राग आहे तो सभेतल्या निम्म्या लोकांवर. सगळे डोळ्यांनी पाहूनही ते अजून त्याच्याच मागे जातात. अरे, विश्वास काय दुसऱ्याच्या हातात ठेवायची वस्तू आहे? मित्रांनो, देव मला सांगतो असे कोणी म्हणाले, तर आधी त्याला तपासा. शास्त्र स्वतः वाचा. वडीलधाऱ्यांना विचारा. आणि कोणी औषध सोडायला सांगितले, तर त्याला सरळ दार दाखवा.

परवा दिपिका सुदेशला बोल लावत होती. हौसाबाईंनी ऐकून घेतले आणि पायाचे बँडेज नीट करत म्हणाल्या, "त्यानं नुसतं सांगितलं गं. सुई मीच बंद केलेली."