पश्चिमेचा दोर

चेंडू पश्चिमेच्या सीमारेषेच्या दोराकडे निघाला होता, सुगिर्ता त्याच्या मागे पळत होती, आणि दोर पंधरा पावलांवर असताना ती थांबली. दमली म्हणून नाही. समोर भिंत आल्यावर माणूस थांबतो तशी थांबली, कमरेवर हात ठेवले आणि चेंडूला दोर ओलांडून जाताना पाहत राहिली. पलीकडे डांबरी रस्ता होता. तिथे उभ्या असलेल्या व्हॅनच्या ड्रायव्हरने चेंडू उचलून परत फेकला.

मांडवात गमलत मिसने पेन्सिल उचलली. ती एके काळी देशाकडून खेळली होती आणि आता उत्तर प्रांताच्या संघासाठी मुली निवडायला कोलंबोहून आली होती. तमिळ ती सहा आठवड्यांच्या सरकारी वर्गात शिकली होती, त्यामुळे अर्ज भरल्यासारखी बोलत असे.

"ही तिसरी वेळ. मुलगी जोरात टाकते. फार जोरात. परंतु आळशी आहे. कोणाची आहे?"

"माझी," सवरीमुत्तु म्हणाला. खेळपट्टी त्यानेच केली होती. गेली सात वर्षं मैदान तोच सांभाळत होता.

मिसला वाईट वाटलं, पण पेन्सिल थांबली नाही. "आणखी एक. तुमच्या मुली या टोकाला खेळताना ऑफला मारत नाहीत. त्या टोकाला खेळताना लेगला मारत नाहीत. असं कोण शिकवतं?"

"परंपरा आहे, मिस," पोन्नैया मास्टर म्हणाले आणि त्यांनी स्मरणिका पुढे केली.

मास्टर निवृत्त मुख्याध्यापक, क्रीडांगण समितीचे अध्यक्ष आणि स्मरणिकेचे लेखकही. 'मरुदंकाडू क्रीडांगण: शंभर वर्षांची वाटचाल'. तळ्यात चेंडू मारणाऱ्या गोऱ्या इंजिनिअरला चार पानं होती, शाळेने जिंकलेल्या ढालींना दोन. त्यानंतर एक ओळ होती: 'सन १९८४ ते २००९ या काळात अपरिहार्य कारणांमुळे सामने होऊ शकले नाहीत.'

त्या ओळीत आधी लष्कराचा तळ होता, मग बंदुका घेतलेल्या पोरांचं संचलन, मग पुन्हा लष्कर. इथे पोरं म्हटलं की कुठली ते विचारायची पद्धत नव्हती. युद्धाचे शेवटचे चाळीस दिवस तिथे घरं सुटलेली माणसं होती, ताडपत्रीखाली. आलेल्या प्रत्येक फौजेने आधी मैदान सपाट केलं आणि मग पश्चिमेला पुरायचं ते पुरलं, कारण दुसरे नेहमी पश्चिमेकडूनच येत. जाताना कोणी काही उकरून नेलं नाही. सगळे घाईत असत.

मग सुरुंग काढणारे, तोंडाला काच लावलेले लोक आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी तीन बाजू वितावितीने साफ केल्या. तेवढ्यात पाऊस लागला आणि पावसानंतर त्यांचे पैसे दुसऱ्या जिल्ह्याला गेले. चौथी बाजू पुढच्या वर्षी, असं सांगून त्यांनी लाल खुंट्या ठोकल्या. मरुदंकाडूच्या मुली त्या खुंट्यांच्या आत क्रिकेट शिकल्या. नियम सोपा होता. खुंट्यांपलीकडे मारलं की बाद, आणि चेंडू गेला तो गेला.

नवं स्टेडियम मंजूर झालं तेव्हा बुलडोझरने रस्त्याकडून लाल माती लोटली. खुंट्या तिच्याखाली गेल्या आणि पंधरा पावलं पुढे दोर आला. फक्त गावातल्या एका माणसाची सही हवी होती: 'गेल्या पाच वर्षांत पश्चिमेच्या बाजूस कोणतीही स्फोटक वस्तू आढळलेली नाही.' सवरीमुत्तुने सही केली. वाक्य शंभर टक्के खरं होतं. तिकडे कोणी गेलंच नव्हतं.

"मिस, पोरीला आळशी म्हणू नका हं," दाणे विकणारी रासम्मा मांडवाच्या दारातून म्हणाली. "चार मैलांवरून सायकल मारत येते ती. तिकडे जात नाही त्याचं कारण—"

"रासम्मा, दाणे वीक," मास्टर म्हणाले.

रासम्माने टोपली उचलली. जाताना सवरीमुत्तुजवळ थांबून हळूच म्हणाली, "कुत्री जातात की रे तिथून. रोज बघते मी."

"कुत्र्याचं वजन किती असतं, अक्का?"

गमलत मिसने घड्याळ पाहिलं. "एकच जागा उरली आहे. चार वाजता यादी पाठवायची आहे. ही गोलंदाजी इथे सोडून जाणं मला पटत नाही. म्हणून मी स्वतः तीन उंच झेल मारते. तिने पश्चिमेच्या दोरापर्यंत पळायचं. पळाली, तर तिचं नाव लिहिते."

ती बॅट निवडायला गेली तसं मास्टरांनी सवरीमुत्तुला दंड धरून मांडवामागे नेलं.

"तोंड उघडू नकोस."

"पोर आहे माझी, मास्टर."

"मला ठाऊक नाही का? शाळेत मीच घातली तिला. पण शनिवारी मंत्री येतायत. आत्ता बोललास की उद्या फाटकाला टाळं, परवा पुन्हा लष्कराची गाडी. आणि कागदावर सही कुणाची आहे?"

"तुम्हीच करायला लावलीत."

"त्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला होता, बाबा."

"आज आहे ना डोळ्यांवर? मग तुम्ही या दोरापर्यंत पळून."

मास्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "माझं वय बघ जरा," ते म्हणाले.

सुगिर्ता खुंट्यांच्या जुन्या रेषेवर उभी होती. रेषा कुठेच दिसत नव्हती, पण तिच्या बुटांची टोकं तिला लागून होती. बाप जवळ आल्यावर ती हळू आवाजात म्हणाली,

"मिसची अट कळली मला. जाऊ का, अप्पा?"

त्याने लाल मातीवरून दोरापर्यंत नजर नेली.

"वर दोन फूट माती आहे ना? तुम्हीच मोजलीत."

"रस्त्यावर उभा राहून मोजली. काठीने."

"मग एक फूट धरू." तिने हात पँटला पुसले. "पुढच्या वर्षी निवडीचं वय निघून जाईल माझं. मग मामाच्या दुकानात साबण विकायचा. त्यात मी मरत नाही, पण..."

"गप. मरायच्या गोष्टी करू नकोस."

"तुम्ही नाही म्हणा. मी नाही जाणार."

त्याने वहाणा काढल्या आणि तिच्या शेजारी नीट जोडीने ठेवल्या.

"मिस!" त्याने मांडवाकडे बघून आवाज दिला. "दोर जरा सैल झालाय. ओढून घेतो."

"लवकर करा," मिस म्हणाली.

पूर्वेच्या बांधावर उन्हात बसलेलं गाव दाणे खायचं थांबलं. कोणीतरी उभं राहिलं. बाजूच्याने त्याला हात धरून खाली बसवलं.

सवरीमुत्तु चालू लागला. भाताच्या ओल्या बांधावरून चालतात तसा, आधी चवडा, मग टाच, आणि मग अंगाचा भार. पाचव्या पावलाला त्याने श्वास सोडला. नवव्याला पायाखाली काहीतरी कडक लागलं आणि तो एका पायावर राहिला. दगड होता. दोराशी पोचल्यावर तो वाकला आणि मुळीच सैल नसलेला दोर त्याने ओढून घेतला. सरळ होताना त्याला स्वतःची पावलं दिसली. लाल मातीत एकच रांग, एका पावलाइतकी रुंद.

त्याने मुलीकडे बघून दोन्ही हात वर केले आणि मग खाली त्या रांगेकडे बोट दाखवलं. ह्याच्यावरून. फक्त ह्याच्यावरून. सुगिर्ताने मान हलवली.

"उत्तम," गमलत मिस म्हणाली. तिने चेंडू वर उडवला आणि बॅट फिरवली. तिचा हात अजून चांगला होता. चेंडू खूप उंच गेला, वर जरासा रेंगाळला आणि वाऱ्याने डावीकडे झुकला. सवरीमुत्तु उभा होता तिथून वीस-पंचवीस हात डावीकडे.

सुगिर्ता पळाली.

तिच्याआधी तिथे पोचायला हवं म्हणून दोराच्या कडेने सवरीमुत्तुही पळाला, अनवाणी, हात पसरून. ती वर चेंडूकडे बघत होती. तो खाली जमिनीकडे.