हात न लागलेली हॅल्व्हर्न

आमच्या बेल्मोर गावात एखादं काम बिघडलं की लोक म्हणतात, “एक्केचाळीस झालं.” नळ गळतोय? प्लंबरने एक्केचाळीस मारला. केक करपला? एक्केचाळीस. नव्या पोरांना हा आकडा कुठून आला हेही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. एक्केचाळीस हा माझ्या बापाच्या शिक्क्याचा नंबर.

माझे वडील, आमचे पा, कॅसिमिर व्होयटेक. हॅल्व्हर्न मोटार कंपनीच्या मिशिगनमधल्या या कारखान्यात सव्वीस वर्षं निरीक्षक होते. लाइनवरून आलेली गाडी वाकून, हात घालून, कान लावून तपासायची. बरी असेल तर कागदावर शिक्का, नसेल तर लाल मेणखडूने मोठी फुली आणि फुलीच्या पोटात ४१. गल्लीतली माणसं नवी गाडी घ्यायची झाली की आधी त्यांना विचारायची, “कॅझ, कुठल्या आठवड्यातली घेऊ?” एवढा मान होता.

सत्याहत्तरच्या ऑक्टोबरातल्या एका आठवड्याने तो संपवला.

त्या वर्षी कंपनीने सेंटिनेल नावाची नवी गाडी काढली होती. जपानी गाड्यांनी साहेबांची झोप उडवलेली, म्हणून सगळं स्वस्तात आणि घाईत. स्टिअरिंगच्या दांड्याला खाली जो बोल्ट असतो तो नव्या ठेकेदाराकडून आला, अर्ध्या सुताने बारीक. बारीक बोल्ट हलतो, हलत हलत झिजतो आणि एक दिवस डावीकडे वळताना चाक हातात नुसतं गरगर फिरतं. वर्षभरात अकरा माणसं गेली. चौकशी बसली तेव्हा कंपनीने त्या आठवड्यातले तपासणीचे कागद टेबलावर मांडले. प्रत्येकावर शिक्का, पास, एक्केचाळीस.

पा म्हणाले, “मी फुल्या मारल्या होत्या. हे कागद दुसरे आहेत. शिक्का पाळी संपल्यावर ऑफिसच्या कपाटात ठेवावा लागतो, माझ्या खिशात नसतो.”

कारखान्याचा मॅनेजर थर्मन एल्डरिज तेव्हा अडतीस वर्षांचा होता. त्याने चौकशीत मान हलवून फार दुःखी चेहऱ्याने सांगितलं, “कॅझ चांगला माणूस आहे. पण थकला होता बिचारा.”

त्या ‘बिचारा’ची चीड मला अजून आहे.

पांना काढून टाकलं. युनियनने हात वर केले. बारमध्ये त्यांच्या शेजारचं स्टूल रिकामं राहायला लागलं. त्यांनी त्या अकरा घरांना पत्रं लिहिली, एकेक हाताने, तोडक्यामोडक्या इंग्रजीत. नऊ न उघडता परत आली. ती अजून बुटांच्या खोक्यात आहेत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, त्याच कारखान्यात मागच्या सीटा बसवायच्या खात्यात. लगेच नोकरी सोडली. शाळाही अर्धवट झालेली. जे काही लिहायला वाचायला आलं ते रागाने आलं. शहाऐंशीला हॅल्व्हर्नला कुलूप लागलं आणि कंपनी मेली, पण गाड्या मेल्या नाहीत, तसे त्या पाळणारे वेडेही. त्यांनी क्लब काढला. त्र्याण्णवला मी क्लबचं मासिक हातात घेतलं. कुणालाच ते नको होतं. मला हवं होतं.

दर वर्षी मी मालकांना पोस्टकार्ड पाठवायची. तुमच्या हॅल्व्हर्नचा नंबर सांगा, काय बिघडलं, किती मैलांवर बिघडलं, गाडी असो नाहीतर भंगारात गेलेली असो. लोक आवडीने लिहायचे. गाडीच्या तक्रारी माणूस बायकोच्या तक्रारींपेक्षा मन लावून सांगतो. बावीस वर्षांत तीन हजारांवर पोस्टकार्डं आली. ती मी गाडीच्या नंबराप्रमाणे लावली, म्हणजे ज्या क्रमाने गाड्या लाइनवरून उतरल्या त्या क्रमाने.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातली त्र्याऐंशी कार्डं माझ्याकडे आली. ब्याऐंशींवर तीच रड: स्टिअरिंग ढिलं, स्टिअरिंग डुगडुगतं, वळताना घाबरायला होतं. नंबर पुढचा घ्या, मागचा घ्या, तेच. मधल्या एकावर मात्र सुबक अक्षरात लिहिलेलं: “अडतीस वर्षांत एकही तक्रार नाही. स्टिअरिंग पहिल्या दिवसासारखं घट्ट.”

मालक: थर्मन एल्डरिज.

मी ते कार्ड स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसले. त्याच्या आधीची गाडी ढिली, नंतरची ढिली, याची घट्ट. देव एवढा नेमका नसतो.

आता नुसतं कार्ड दाखवून काही होणार नव्हतं. मी पूर्वी तोंडघशी पडले होते. त्या आठवड्यातल्या बहुतेक गाड्या कंपनीने परत घेऊन चेपून टाकल्या, पण एल्डरिजची सोडून आणखी दोन वाचल्या होत्या. त्यांच्यातून पांच्या फुल्या असलेले मूळ कागद मी मिळवले आणि, गाडीत कुठे सापडले ते न सांगता, क्लबच्या सभेत नाचवले. क्लबचा अध्यक्ष कर्मिट डाल, पूर्वी रंगाच्या खात्यात होता, तो सगळ्यांसमोर म्हणाला, “डोली, लाल खडू माझ्या नातवाकडे पण आहे. आणि हे कागद नेमके तुलाच बरे सापडतात?” सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, “सभा एक्केचाळीस झाली.”

कार्ड आलं त्याच वर्षी त्यात भर पडली. एल्डरिजने कंपनीचा इतिहास लिहिला होता, जाडजूड, गुळगुळीत कागदाचा. त्यातलं एक वाक्य कारखान्याच्या गेटवरच्या पितळी पाटीवर कोरलं जाणार होतं, सप्टेंबरात, आमच्या इथल्या कामगार दिनाला: ‘निरीक्षक क्र. ४१ च्या एका चुकीने एका थोर कंपनीचा ऱ्हास सुरू झाला.’ पा एक्क्याण्णव वर्षांचे. डॉक्टरकडे जायचा रस्ता त्या गेटसमोरूनच जातो.

मे महिन्यात मी एल्डरिजकडे गेले. लिंबाचं सरबत प्यायले. गोड बोलले.

“साहेब, तुमची सेंटिनेल कधी स्पर्धेत आणत नाही तुम्ही.”

“म्हाताऱ्याची हौस आहे गं. स्पर्धा कसली?”

“हात न लागलेल्या गाड्यांचा गट आहे ना आपला. तुमच्यासारखी गाडी अख्ख्या राज्यात नाही. लोक विसरत चाललेत हॅल्व्हर्न काय चीज होती.”

तो फुलला. मग म्हणाला, “तू मुख्य परीक्षक आहेस. तुझ्या वडिलांना काही वाटणार नाही ना?”

“पांना आता काय वाटायचं, साहेब. सूप पितात नि झोपतात.”

हे खोटं होतं. पांना ती अकरा नावं अजून क्रमाने पाठ आहेत.

एक गोष्ट एल्डरिजला माहीत नव्हती, कारण साहेब लोक लाइनवर कधी पाच मिनिटांच्या वर थांबले नाहीत. प्रत्येक गाडीबरोबर एक कागद लाइनवरून फिरायचा. कुठला रंग, कुठलं इंजिन, कोणी काय शेरा मारला, सगळं त्याच्यावर. तपासणीनंतर ऑफिसात त्याची स्वच्छ नक्कल जायची, शिक्का मारायला. मूळ कागद जाळायचा असा हुकूम होता. पण कचऱ्याचा डबा वीस पावलं लांब आणि लाइन काही थांबत नाही. म्हणून शेवटी मागची सीट बसवताना आम्ही पोरी तो कागद सीटच्या स्प्रिंगांत खोचून द्यायचो. सगळ्या पोरी. दर गाडीला. साहेबांना वाटायचं, जळला.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर प्रदर्शन भरलं. गाड्यांची बॉनेटं वर, मागे घडीच्या खुर्च्या, सॉसेज भाजल्याचा धूर. पांना मी पहिल्या रांगेत बसवलं, गुडघ्यावर शाल. कर्मिट जाता जाता म्हणाला, “काय कॅझ, आज काही बिघडवू नकोस हं.” पांनी वर बघितलंही नाही.

हात न लागलेल्या गटाचा नियम असा: मालकाने बॉनेटवर हात ठेवून सगळ्यांसमोर शपथ घ्यायची आणि अर्जावर सही करायची. खोटं निघालं तर नाव कायमचं बाद. जिंकली तर गाडी, आत जे जे सापडलं त्यासकट, वर्षभर गावच्या वाचनालयाच्या काचेच्या दालनात. सही झाल्यावर माघार नाही. हा नियम क्लबने एकोणीस वर्षांपूर्वी केला. मीच लिहिला होता.

एल्डरिज निळ्या कोटात आला. हात ठेवला आणि भाषणाच्या आवाजात म्हणाला, “सत्याहत्तर सालच्या एकवीस ऑक्टोबरला मी हिला स्वतः गेटमधून बाहेर काढलं. त्या दिवसापासून हिच्या आत कोणाचाही हात लागलेला नाही. सीटचा एक टाकाही उसवलेला नाही.”

“नक्की, साहेब?” मी माइकवर विचारलं. “मागची सीटसुद्धा?”

“कारखान्याने बसवली तशी आहे.”

टाळ्या झाल्या. त्याने अर्जावर दोन अक्षरं ओढली, टी. ई., ई ला लांब शेपटी.

मी हात मागे बांधले. मुद्दाम. “मी गाडीला शिवणार नाही. कर्मिट, तू अध्यक्ष आहेस. सीट तू उचल.”

“मी? माझी पाठ बघ जरा.”

“तुझी पाठ मेली तर मी फुलं पाठवीन. उचल.”

हशा पिकला. कर्मिटने कडेचे दोन स्क्रू सोडवले आणि सीट वर केली. स्प्रिंगांत पिवळा पडलेला कागद होता, चार घड्या घातलेला. सत्याहत्तरच्या पोरींपैकी कुणीतरी खोचलेला. कदाचित मीच.

“हा काय प्रकार?” एल्डरिज म्हणाला. तो अजून हसत होता.

“गाडीचा जन्मदाखला, साहेब. कर्मिट, वाच. माइकवर वाच.”

कर्मिटने चष्मा लावला. “नंबर... बरोबर आहे, हिचाच. रंग, गडद निळा. इंजिन...” मग तो थांबला.

“वाच ना.”

“स्टिअरिंगच्या चौकटीत लाल फुली आहे. आत एक्केचाळीस. ‘बोल्ट बारीक. सोडू नये.’”

“आणि खाली?”

कर्मिटने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पहिल्यांदाच थट्टा नव्हती. “खाली निळ्या शाईत आहे. ‘या गाडीला जुन्या साठ्यातला बोल्ट लावा. बाकीच्या जाऊ द्या. लाइन थांबवायची नाही.’”

“सही?”

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला.

“कर्मिट, सही कोणाची आहे?”

“टी. ई.,” तो म्हणाला. “ई ला शेपटी आहे.”

एल्डरिज म्हणाला, “हे बनावट आहे. हे कोणीतरी घुसवलंय.”

“कधी घुसवलं, साहेब? आत्ताच शपथ घेतलीत ना, कोणाचा हात लागलेला नाही म्हणून?” मी अर्ज त्या कागदाशेजारी धरला. शाई अजून ताजी होती. “की शपथ खोटी होती? दोन्हीपैकी एक सांगा, मी तसं लिहून घेते.”

तो माझ्याजवळ सरकला. मग आवाज उतरवून, माइकपासून लांब, मला म्हणाला, “डोलोरेस, माझ्यावर वरून दबाव होता. तुला कल्पना नाही. एक दिवस लाइन थांबली असती तर...”

“तर अकरा माणसं घरी गेली असती.”

“गाडी मागे घेतो मी.”

“सही झाल्यावर माघार नाही.” मी माइककडे वळले. “मंडळी, परीक्षकांचा निकाल. गाडी पूर्ण मूळची आहे. बोल्टसुद्धा, कागदसुद्धा. पहिलं बक्षीस थर्मन एल्डरिज यांना.”

कोणी टाळी वाजवली नाही. मी वाजवली. एकटीनेच, सावकाश.

पा खुर्चीतून उठले होते. त्यांना धरायला दोघं धावले, त्यांनी दोघांनाही झटकलं. सेंटिनेलजवळ आले, गुडघा टेकला, जसा सव्वीस वर्षं टेकायचे तसा, आणि हात आत घातला. डोळे मिटून चाचपत राहिले. मग कर्मिटच्या खांद्याला धरून उठले आणि बोटांचं तेल त्याच्याच शर्टाला पुसलं.

“घट्ट आहे,” ते म्हणाले. “मी सांगितलं होतं तसाच बोल्ट आहे. याच्याच गाडीला.”

एल्डरिज पुढे आला. हात पुढे केला. “कॅझ, मी...”

“सरक,” पा म्हणाले. “उजेड अडवतोयस.”

कामगार दिनाला पाटी लागली, ते वाक्य गाळून. क्लबने पांच्या नावाने वेगळी पाटी करू म्हटलं. मी नको म्हटलं. आमची पाटी वाचनालयात आहे, कागदाची, चार घड्यांची, काचेखाली, आणि शेजारी निळी गाडी. वर्ष संपलं तेव्हा एल्डरिज ती न्यायला आलाच नाही, म्हणून ती तिथेच आहे. त्याचं घर वाचनालयापासून दोन गल्ल्या. हल्ली तो दुधाला जायलाही उलटा वळसा घेतो. कर्मिटच्या तोंडून अजून सवयीने निघतं, “हे बघ, एक्केचाळी...” आणि मी समोर असले की तो जीभ चावतो. मी असतेच समोर.

लोक मला म्हणतात, झालं ना आता, सोड की. नऊ पत्रं न उघडता परत आली तेव्हा मला कोणी विचारलं होतं, आता कसं वाटतंय?

दर मंगळवारी मी वाचनालयात जाते. काचेवर पोरांच्या बोटांचे डाग पडलेले असतात. व्हिनेगर आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन मी ती काच पुसते, सहीच्या बाजूने आधी.