बंडूची रोजची गोळी

सुनीताबाई चार वर्षं नवऱ्याशी बोलत नव्हत्या आणि प्रभाकररावही त्यांच्याशी बोलत नव्हते. तरी घरात शांतता होती असं कुणी समजू नये. "बंडू, चहा झालाय म्हणावं." "बंडू, तिला म्हणावं, गॅसवाला उद्या येणार." सगळा कारभार बंडूच्या मार्फत. बंडू म्हणजे तेरा वर्षांचा लॅब्राडोर. हल्ली त्याला ऐकू येत नव्हतं, पण त्यावाचून या दोघांचं काही अडलं नाही. तोंड त्याच्याकडे करायचं आणि आवाज पलीकडच्या खोलीपर्यंत पोचवायचा, अशी रीतच पडून गेली होती.

भांडण मुलीवरून. अनुयाने आपल्या पसंतीच्या निनादशी लग्न ठरवलं, तेव्हा प्रभाकररावांनी या घरात तिचं नाव निघता कामा नये असं फर्मान काढलं आणि लग्नाला गेले नाहीत. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तीस वर्षं काढलेला माणूस, वाकणार कुठून? सुनीताबाई एकट्या जाऊन अक्षता टाकून आल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी तोंड बंद केलं. त्याही काही कमी नव्हत्या. अनुया बंगळुरूला गेली आणि तिने पिल्लू असताना आणलेला बंडू पनवेललाच राहिला. तो होता म्हणून घरात माणसांचा आवाज तरी होता. तो गेला तर आपण दोघं भिंतींसारखे समोरासमोर उभे राहू, याची सुनीताबाईंना मनातून फार भीती वाटायची.

म्हणून बंडूचे मागचे पाय लटपटायला लागले तेव्हा त्यांचं जेवणावरून मन उडालं. प्रभाकरराव त्याला रिक्षात घालून नवीन पनवेलच्या डॉक्टरकडे नेऊन आले आणि बंडूला म्हणाले, "सांधे धरलेत, वयाचं आहे म्हणावं." एवढंच बोलून त्यांनी टीव्ही लावला.

अनुयाचा फोन रोज दुपारी चारला, वडील वामकुक्षीत असताना यायचा. आठवड्याभरात तिने कुरियरने एक डबा पाठवला. म्हाताऱ्या कुत्र्यांसाठीच्या गोळ्या होत्या, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या, भरपूर ताकदीच्या. "रोज एकच दे, आई. आणि बाबांना विचार, डॉक्टरांनी काही चालू केलंय का. दोन-दोन व्हायला नकोत."

"विचारते," सुनीताबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी विचारलंही, खोटं कशाला बोला. कुकरची शिट्टी होत होती, प्रभाकरराव बाहेर पेपर वाचत होते, आणि सुनीताबाईंनी बंडूला विचारलं, "काय रे, तुला काही औषध चालू आहे का?" बाहेरून उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे 'नाही', हा या घरातला नियम, आणि चार वर्षं त्याच नियमावर दोन वेळचं जेवण होत होतं. पुन्हा विचारायचं तर डबा कुठून आला तेही निघणार, आणि नाव घेतल्याशिवाय ते सांगता येणार नव्हतं. सुनीताबाईंनी डबा डाळीच्या बरणीमागे ठेवला. रोज संध्याकाळी तूपभाकरीच्या घासात एक गोळी जाऊ लागली.

महिनाभर बंडू बरा वाटला. मग तो पाणीच पाणी प्यायला लागला, उलट्या करू लागला, भाकरी हुंगून तोंड फिरवू लागला. तीन महिने होत आले तेव्हा त्याला उठताही येईना. त्या दिवशी दोघंही रिक्षात बसली, मध्ये बंडू.

डॉक्टर ऋचा तरुण होत्या, पण रक्ताचा रिपोर्ट बघताना त्यांचा चेहरा उतरला. "कॅल्शियम फार चढलंय. मी दिलेली कॅल्शियमची गोळी रोज एकच देताय ना?"

"एकच," प्रभाकरराव म्हणाले. "सकाळी तलावावर नेतो तेव्हा, पेढ्यात घालून. एक दिवस चुकलो नाही."

निघताना सुनीताबाईंनी बरणीमागचा डबा पर्समध्ये टाकला होता. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. मग त्यांनी पर्समधून डबा काढून टेबलावर ठेवला. "मी ही गोळी देते. संध्याकाळी."

डॉक्टरांनी डब्यावरचं वाचलं. "घरात एकमेकांशी बोलला नाहीत का?"

दोघांनी बंडूकडे पाहिलं.

"त्याच्या किडन्या आधीच थकल्या होत्या, तेवढं सोसलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रोज सलाईन लावायला आणलंत तर चार-आठ दिवस निघतील. त्यापुढे मी खोटी आशा देत नाही."

परतीच्या रिक्षात, उड्डाणपुलावर, प्रभाकरराव सरळ बायकोकडे बघून बोलले. चार वर्षांतलं पहिलं वाक्य. "मला का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं."

"कधी?"

सुनीताबाईंनी बंडूच्या पाठीवर हात ठेवला. त्याच पाठीवर प्रभाकररावांचाही हात होता, तो त्यांनी काढून घेतला.

घरी बंडूला गोधडीवर निजवलं तोच चार वाजले आणि फोन वाजला. आज प्रभाकरराव झोपलेले नव्हते. फोनवरचं नाव त्यांनी वाचलं. सुनीताबाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला, तसे ते दोन पावलं मागे सरकले आणि बंडूजवळ खाली बसले.

"बंडू," ते म्हणाले, "तिला म्हणावं, गोळ्यांचं पोरीला कळू देऊ नकोस. आयुष्यभर मनाला लावून घेईल."

सुनीताबाईंनी डोळे पुसले आणि फोन कानाला लावला. "बरा आहे गं बंडू. तुझ्या गोळ्यांचा गुण आला."

"हो?" अनुयाचा आवाज एकदम उजळला. "डबा संपत आला असेल ना? अजून एक पाठवू?"

सुनीताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते.

"पाठव," त्या म्हणाल्या.